छतावरच्या सहा काड्या

वन्सं,

तुमच्या सहाही काड्या कुजल्या. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड उरेल. उद्या तुम्हाला जाऊन महिना होईल. अजून लोक येतात, तुमच्या फोटोसमोर बसतात आणि तुम्ही किती शांत होतात ते मला ऐकवतात. मी मान हलवते. शांत कसल्या? चौतीस वर्षं आपण एका स्वयंपाकघरात काढली, तुमचा आवाज चढला की ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर कळायचं की आज आपल्याकडे काहीतरी बिनसलंय. पण लोकांना काय सांगत बसू. मला त्यांच्याशी बोलायचंच नाहीये. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि भांडायचंही आहे, कारण तुम्ही मला तेवीस वर्षं फसवलंत आणि जाताना ते उलगडायचंही माझ्यावरच सोडून गेलात.

तुम्हाला आठवतं का, ती पहिली गुंडाळी? तुमच्याबरोबर विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या कमलाम्मा केरळला जाऊन आल्या आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळून वीतभर लांबीच्या चार काड्या घेऊन आल्या. चाया म्हणतात म्हणाल्या, पालकासारखी पानं खायची, झाड माणसाच्या उंचीएवढं होतं आणि लावायला बी लागत नाही, नुसती काडी खोचायची. मी म्हटलं, ही तर जळणाची लाकडं दिसतायत. तुम्ही नुसतं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. चाया हे नाव आपल्या घरात कधी टिकलंच नाही. केतकी लहान होती, ती म्हणाली काडीची भाजी, आणि तेच कायम झालं.

छतावर झाड वाढलं तेव्हा येणारा-जाणारा विचारायचा, पपई कधी लागणार? पानं तशीच दिसतात ना. तुम्ही कोरडेपणानं सांगायचात, लागणार नाही, पानंच खायची आहेत. काशीच्या छतांवर माकडं काही राहू देत नाहीत. टोमॅटो गेले, मिरची गेली, तुळशीला जाळी घालावी लागली. या झाडालाही एका माकडानं तोंड लावलं, पांढरा चीक ओठाला लागला आणि ते थुंकत थुंकत पलीकडच्या छतावर गेलं. तुम्ही मला हाक मारून वर बोलावलंत, ते माकड दाखवलंत आणि म्हणालात, "मंगल, आपल्याला आपलं झाड मिळालं." तुम्ही आपलं म्हणालात. माझ्या लक्षात राहिलं ते.

मग आपली भांडणं. एक धड संपलं नाही. कमलाम्मांनी बजावलं होतं की वीस मिनिटं उकळल्याशिवाय पान तोंडात घालायचं नाही आणि ॲल्युमिनियमच्या भांड्याला तर हे पान लावायचंच नाही. एकदा स्टीलचं पातेलं दुधाला लागलं होतं म्हणून मी ॲल्युमिनियमच्या कढईत टाकली भाजी. तुम्ही ऑफिसमधून आलात, कढई बघितलीत, आणि हात न धुता अख्खी भाजी मोरीत ओतलीत. चार माणसांची भाजी. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. केतकीला मध्ये घालून निरोप जायचे, आत्याला सांग भात झालाय, आईला सांग मला भूक नाहीये. तिसऱ्या दिवशी तुम्ही चौकातून नवं पातेलं घेऊन आलात, ओट्यावर ठेवलंत आणि म्हणालात, हे फक्त हिच्यासाठी. माफी वगैरे तुमच्या स्वभावात नव्हतीच.

आणि नारळ. मी अळूसारखी करायचे, चण्याची डाळ, शेंगदाणे, चिंच-गूळ. तुम्हाला कमलाम्मांसारखी हवी असायची, मोहरी, सुकी मिरची आणि वर खोवलेला नारळ. काशीत नारळाची काय कमी, देवळातून आलेले घरात पडलेलेच असायचे, तरी मी मुद्दाम चिंच भिजत घालायचे. आता सांगते. नारळाचीच चांगली लागायची. तुम्ही केलेल्या दिवशी मी मागाहून स्वयंपाकघरात जाऊन पातेल्याला लागलेली पुसून खायचे. एकदा तोंडावर म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं?

पण खरं भांडण पाण्याचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात मला घाटावर नेलं. स्नान करायचं, तांब्या भरायचा, घरी यायचं, देवांना घालायचं, तुळशीला घालायचं आणि उरलेलं छतावर जे हिरवं असेल त्याला. या घरात स्वयंपाक सासूबाईंचा होता, हिशोब-व्यवहार ह्यांचे, पुस्तकं तुमची. माझा फक्त तो तांब्या. म्हणून तुमच्या काड्यांनाही मी घालणार, हे ठरलेलंच. तुम्ही म्हणायचात, "काडीला मूळ नाही, ती पिणार कशानं? कापलेला भाग सुकू दे, चीक आटू दे. दोन पानं येईपर्यंत तिला विसरून जा." मी म्हणायचे, पाणी न घालता काही जगतं का? आणि हे काय नळाचं आहे? तुम्ही म्हणायचात, "गंगा तुझी, काडी माझी. हात लावू नकोस."

मी लावायचे. दर होळीनंतर तुम्ही झाड छाटून नव्या काड्या मातीच्या गमल्यांत खोचायचात आणि दर वर्षी मी सकाळी घाटावरून आले की गुपचूप घोट-घोट पाणी घालायचे. आणि काड्या फुटायच्या. दर वर्षी. हिरवे कोंब आले की मी तुम्हाला हात धरून वर न्यायचे, बघा म्हणायचे, तुमचं शास्त्र आणि माझा तांब्या. तुम्ही नुसतं हं म्हणायचात. मला वाटायचं हरल्या. गल्लीत सांगत फिरायचे मी, वन्संनी लावलं पण जगवलं माझ्या हातानं.

तुम्ही मात्र काड्या वाटत सुटायचात. दूधवाल्याला, पोस्टमनला, गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या शुक्लाइनला. तिला देऊ नका म्हणून मी किती चिडले होते. ती आपल्या लग्नाकार्यात नावं ठेवत हिंडलेली बाई, तिच्या दारात आपलं झाड कशाला? तुम्ही म्हणालात, एकाच छतावर ठेवलेलं झाड म्हणजे एकच पुस्तक असलेलं ग्रंथालय. मी म्हटलं, तुमचं डोकं फिरलंय.

या वर्षी कोहरा, ते दाट धुकं, उठता उठेना. एरवी थंडी पडली की गमले तुम्ही जिन्याच्या आतल्या बाजूला आणायचात. या वेळी तुम्हाला जिना चढवत नव्हता, पाय सुजलेले, दोन पायऱ्यांवर धाप. आणि मला सुचलं नाही. खरंच सुचलं नाही वन्सं, माझं सगळं लक्ष तुमच्या गोळ्यांत. लक्षात आलं तेव्हा झाडं वरून काळी पडली होती. तुम्ही पलंगावर बसून ती सगळी खोडं मागवलीत, नखानं साल खरवडून बघितलीत, आणि जिथे आत हिरवं दिसलं तेवढं विळीवर कापून सहा काड्या काढल्यात. चीक तुमच्या साडीला लागला. दुसऱ्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात हलवायचं होतं. काड्या माझ्या हातात देऊन म्हणालात, "चार दिवस सावलीत ठेव, मग खोच. आणि मंगल, या वेळी पाणी घालू नकोस. या वेळी तरी नको. खरंच सांगते."

मी हो हो म्हटलं. मनातल्या मनात हसलेसुद्धा. म्हातारी मरायला टेकली तरी हट्ट सोडत नाही, असं आलं माझ्या मनात. हेच शब्द. आता जीभ झडली असती तर बरं, असं वाटतं.

मग ते आठ दिवस. हृदयाचं दुखणं, अंगात पाणी साठतंय म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं, दिवसाला एवढंच. तुम्ही कधी कुणाकडे काही मागितलं नाहीत जन्मात. आणि तिथे तुम्ही माझ्या पदराला धरून पाणी मागत होतात. मी ओला कापूस ओठांवरून फिरवायचे. तुम्ही तो कापूस चोखायचात. मी, जिनं रस्त्यावरच्या दगडालाही पाणी घातलं असतं, ती तुम्हाला नाही म्हणत होते. शेवटच्या दुपारी तुम्ही मागणंही सोडलंत. रागावला होतात का? मी विचारलं नाही, आणि संध्याकाळी तुम्ही गेलात.

घरी आल्यावर सगळं पाण्याचंच चाललेलं. ह्यांनी घाटावर तिलांजली द्यायची. आपल्याकडे नसतं, पण गल्लीतल्यांनी आग्रह केला म्हणून इथल्या पद्धतीनं पिंपळाला मडकंही बांधलं, खाली बारीक भोक, दहा दिवस थेंब थेंब पाणी, गेलेल्याची तहान भागावी म्हणून. हे रोज दोनदा जाऊन ते भरून यायचे. मी बाई, मला त्यातलं काही नाही. पहाटे मी घाटावर जायचे आणि तांब्या भरून यायचे. सुतक होतं, देवांना हात लावायचा नव्हता, तुळशीलाही नाही. मग देवांचा वाटा, तुळशीचा वाटा, सगळा तांब्या मी वर नेऊन, गमल्यांत खोचलेल्या तुमच्या सहा काड्यांवर रिकामा करायचे. घोट-घोट नाही, सगळा. घालताना तुमच्याशी बोलायचे. घ्या म्हणायचे, आता कोण मोजतंय.

तेराव्याचं जेवण आटोपलं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी वर गेले तर एक काडी वाकडी झालेली. सरळ करायला धरली तर बोटांत मऊ झाली. साल हातात आली, आतून काळं पाणी आणि वास. दुसरी उपटली, तिसरी उपटली. सहाही तशाच. मी तिथेच छतावर बसले आणि दवाखान्यात नाही, तुम्हाला नेताना नाही, पण तेव्हा मोठ्यानं रडले. हे धावत वर आले.

मी म्हटलं, "इतकी वर्षं जगल्या, याच वर्षी कशा मेल्या? माझ्या हाताला काय झालं?"

ह्यांनी कुजलेली काडी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाले, "मंगल, दर वर्षी मरायच्या."

मला कळेना. ह्यांनी मला पाण्याच्या टाकीमागे नेलं. टाकी आणि भिंत यांच्या मधे आंब्याची एक जुनी पेटी, वर गोणपाट टाकलेलं. आत गंगेच्या पलीकडच्या काठावरची पांढरी कोरडी रेती, आणि तुमचा कान तुटलेला कप. त्या फटीत मी चौतीस वर्षांत डोकावले नव्हते, तिथे सरडे असतात म्हणून.

"ताई अर्ध्या काड्या इथे लावायची," हे म्हणाले. "रेती मी आणून द्यायचो नावेतून. तू घाटावर गेलीस की ती तुझ्या गमल्यातल्या कुजलेल्या काढायची आणि इथल्या फुटलेल्या नेऊन लावायची. मला शपथ घातली होती."

"का?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा. "मला मूर्ख बनवायला?"

"ज्या वर्षी कमलाम्मांनी काड्या आणल्या, त्या वर्षी आपलं काय झालं होतं आठव."

आठवायला काय लागतं. पाचवा महिना होता माझा. केतकीनंतर नऊ वर्षांनी राहिलं होतं, आणि गेलं. मी जेवायचे नाही, बोलायचे नाही. फक्त तांब्या घेऊन वर जायचे आणि त्या चार काड्यांना पाणी घालायचे. तुम्ही एकदा रागावलात, पाणी घालू नकोस म्हणालात, आणि नंतर गप्प झालात. हे म्हणाले, "चारातल्या दोन तुझ्या पाण्यानं सडल्या. ताई ते बघून खाली आली आणि मला म्हणाली, नाना, तिच्या हातून आता आणखी काही मेलेलं तिला दिसता कामा नये. मग सुरू झालं ते. पुढे थांबवायचं कसं, तिलाही कळलं नाही."

तर असं. तेवीस वर्षं मी तुमच्यासमोर हात नाचवून सांगत राहिले की माझ्या हाताला यश आहे, आणि तुम्ही हं म्हणत राहिलात. दोन्ही गुडघे दुखत असताना टाकीमागच्या फटीत शिरत राहिलात. मला तुमचा इतका राग आला की फोटो उलटा करून ठेवला मी दिवसभर. एकदा सांगायचंत. दहा वर्षांनी सांगायचंत, माझं दुःख तेवढं ताजं राहिलं नव्हतं. मी काय मोडून पडले असते? भांडले असते फार तर, चार दिवस बोलले नसते, तुम्ही नवं पातेलं आणलं असतंत. आणि मग या वर्षी 'या वेळी तरी' म्हणालात त्याचा अर्थ मला कळला असता. तुम्हाला माहीत होतं की या वेळी टाकीमागे कुणी जाणार नाही. सहाच्या सहा माझ्या हातात देणं भाग होतं तुम्हाला. तेव्हाही तुम्ही मला खरं सांगितलं नाहीत, फक्त विनवलंत.

आणि मी उलटंच केलं सगळं. तुम्ही पाणी मागत होतात तेव्हा दिलं नाही, काड्यांना नको होतं तेव्हा ओतलं.

दोन दिवसांनी शुक्लाइनच्या दारात गेले. माहीत होतं, तिच्याकडे आहे. तिची मागची भिंत हलवायाच्या भट्टीला लागून आहे, ऊब मिळते, त्यामुळे कोहऱ्यातही झाड उभं राहिलंय, छतापर्यंत गेलंय आणि वर हिरवंगार. मी दारात उभी राहून एक काडी मागितली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "अरे, आप ही के घर का तो पेड़ है।" तीन काड्या कापून दिल्या तिनं. मी निघाले तर मागून म्हणाली, "लगाना आता है न? बहिनजी कहती थीं, पानी मत देना। लगाकर भूल जाना।"

मी म्हटलं, "हाँ, आता है।" घरी येईपर्यंत मला रस्ता दिसत नव्हता.

चार दिवस सावलीत ठेवल्या. चीक आटला, कापलेला भाग पांढरा आणि टणक झाला. मग टाकीमागे गेले. फट इतकी अरुंद आहे वन्सं, मला तिरकं व्हावं लागतं, तुम्ही कशा जात होतात देव जाणे. पेटीतल्या रेतीत तीन काड्या खोचल्या, वर गोणपाट टाकलं. हात झाडले तर रेती तुमच्या कपात पडली, ती तशीच ठेवली.

होळीला या वर्षी पुरण शिजलं नाही. सुतक सुटलंय, देवांची पूजा सुरू झालीय, पण तांब्यात थोडं उरतंच. सवयीनं पाय वर जातात. टाकीपाशी जाते, तिरकी होते, गोणपाट उचलून बघते. आता माझ्या मागून येऊन काही बदलून ठेवणारं कुणी नाही. मेल्या तर मेलेल्याच दिसतील. हात उचलला जातो, पाणी काठापर्यंत येतं, मग मी तांब्या सरळ करते, गोणपाट पहिल्यासारखं टाकते आणि पाणी तसंच खाली आणते.

आज अकरावा दिवस. काड्या होत्या तशा आहेत, ना हिरव्या, ना काळ्या. मी पाणी घातलेलं नाही, वन्सं.